शून्याची नोट

पहिली नोट उद्घाटनाला आलेल्या मंत्रीसाहेबांच्या डोक्यावर पडली. बाकीच्या नव्या कारंज्यात.

"आता बघ कसा तोंड लपवतो ते," गच्चीवरून वाकून ताई म्हणाली.

तिच्या धाकट्या भावाला सगळे पेंटर म्हणत. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पण ही नोट त्याने जीव ओतून काढली होती. मध्ये मंत्रीसाहेबांचा चेहरा, चारी कोपऱ्यांत शून्य, आणि खाली बारीक अक्षरांत : 'धारकाला काहीही न देण्याचे मी वचन देतो.' त्याखाली सहीची रिकामी जागा.

ताई गावातल्या सरकारी प्रसूतिगृहात नर्स होती. तिजोरीत पैसे नाहीत म्हणून ते पुढच्या महिन्यात बंद होणार होतं. कारंज्यासाठी पैसे होते. यापुढे बायकांनी बाळंतपणाला नदीपलीकडच्या शहरात जायचं होतं आणि वाटेत बाळाला जरा थांब म्हणून समजावायचं होतं.

खाली सगळ्यांच्या नजरा मंत्रीसाहेबांकडे वळल्या. मंत्रीसाहेबांनी डोक्यावरची नोट काढली, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचली. मग ते हसले, अगदी मनापासून. खिशातलं पेन काढून त्यांनी रिकाम्या जागेत सही केली आणि नोट पहिल्या रांगेतल्या आजोबांना दिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग साहेबांच्या टेबलापुढे रांग लागली. माणसं पँट दुमडून नोटा वेचायला कारंज्यात उतरली. काहीही न मिळण्याचं वचन सहीनिशी मिळतंय म्हटल्यावर कोण सोडणार? दिवस भरत आलेल्या एका बाईने दोन नोटांवर सह्या घेतल्या. "एक येणाऱ्याला," ती म्हणाली.

"कोणी काढलंय हो! हुबेहूब!" कुणीतरी ओरडलं.

पेंटरला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली, पण ती जरा मागून आली.

ताईने त्याचा दंड धरला. "चल खाली. रांगेत उभा राहा आणि विचार, प्रसूतिगृह का बंद करताय. सगळ्यांदेखत. मी विचारलं तर म्हणतील, नोकरीसाठी रडतेय."

"मी विचारू?"

"नाही, तुझा ब्रश विचारेल."

तो रांगेत उभा राहिला. ताई त्याच्या मागे. त्याने मनात एक वाक्य जुळवलं. चांगलं, लांबलचक, धारदार वाक्य होतं. रांग पुढे सरकली तसं ते आखडत गेलं. टेबलापाशी पोचेपर्यंत त्यात नुसता 'का' उरला होता.

मंत्रीसाहेबांनी त्याची नोट घेतली. नखांत बसलेला रंग पाहिला.

"तुम्ही काढलंय?"

वार्ताहरांनी माना वळवल्या. पेंटरचे कान तापले.

"हो."

"वा! हात चांगला आहे तुमचा. नाक तेवढं मोठं झालंय."

लोक खो खो हसले. साहेब सही करायचे थांबले आणि त्याच्याकडे बघत राहिले. सगळेच बघत राहिले. याहून चांगली संधी मिळणार नव्हती. ताईने मागून पाठीत बोट खुपसलं.

पेंटरने घसा खाकरला.

"पुढच्या वेळी लहान काढतो, साहेब."