फिका निळा

टीव्हीच्या पडद्यासाठी निळा उजेड देणारे नॅनोस्फटिक ती घडवायची. स्फटिक इवलेसे, पण रुसवे मोठे. लाल, हिरवे गुण्यागोविंदाने नांदायचे. निळे मात्र कुपीत चार महिन्यांत मान टाकायचे. म्हणून ताजी कुपी घेऊन ती प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या टेबलाशी धावायची आणि कुपीवर अतिनील टॉर्च धरायची. सर डोळे बारीक करून म्हणायचे, "फिका आहे गं."

"यंत्र तर झकास म्हणतंय, सर."

"यंत्र घरी टीव्ही बघतं का? पडदा माणसाचा डोळा पास करतो."

सरांचा डोळा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती कृती मोडीत काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. यातच तिचे केस पिकले. शेवटी सरांनी निळ्याचं कामच बंद केलं आणि वर्षभराने मोतीबिंदू काढायला रजेवर गेले.

परतले त्या दिवशी ते दारातच थबकले. "कोट नवा शिवलास? केवढा पांढरा!"

"जुनाच आहे, सर."

सरांनी भिंतीकडे पाहिलं, खिडकीतल्या आभाळाकडे पाहिलं. इतकी वर्षं डोळ्यांवर पिवळी साय होती आणि तिच्यातून निळाच तेवढा आत येत नव्हता, हे दोघांनाही एकदमच उमगलं. सर कपाटाकडे वळले.

"त्या सगळ्या कुप्या काढ बरं."

तिने कपाट उघडून एकेका कुपीवर टॉर्च धरला. स्फटिक केव्हाच विझले होते.

"फिकाच आहे गं," सर हळूच म्हणाले.

या वेळी त्यांचा डोळा खरं बोलत होता.