अंदाजाबाहेरची मुलं

"अहो, आज तिच्यावर आवाज चढवू नका." सुनीतीबाईंनी खोकल्याच्या गोळ्यांची पुडी डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात सरकवली. "ती तिचं काम करतेय."

"शाळा बंद करणं हे काय काम झालं?"

"आणि लहान मुलांचा वॉर्ड बंद करायच्या कागदावर सही कोणी केली होती? निवृत्तीच्या आदल्या वर्षी?"

डॉक्टर मुरलीधरांनी निळी फाइल काखेत मारली आणि ते बाहेर पडले.

वॉटफर्डच्या कडेची ती प्राथमिक शाळा घरापासून सात मिनिटांवर होती. पस्तीस वर्षांपूर्वी नागपूरहून इथल्या इस्पितळात आलेले डॉक्टर आता शाळेचे गव्हर्नर होते, म्हणजे कारभारी मंडळाचे बिनपगारी सभासद. बुधवारी ते मुलांचं वाचन ऐकत, शुक्रवारी बजेटचे कागद वाचत. घरातलं एक मूल इथं शिकलं म्हणून एवढा जिव्हाळा, असं हेडबाई म्हणत. डॉक्टर ते कबूल करत नसत.

शाळेत जागा दोनशे दहा, मुलं एकशे सतरा. सरकारी पैसा डोक्यामागे मिळतो; डोकी घटली की शिक्षक घटतात. तपासणीचा शेरा चांगला होता, निकाल चांगले होते. पण कौन्सिलच्या अंदाजानुसार पुढच्या पाच वर्षांत पटावर नव्वदच उरणार होती. २००६च्या त्या जूनमध्ये कौन्सिलनं शाळा बंद करायचा प्रस्ताव मांडला होता, आणि आज त्यावरची शेवटची सभा होती.

हॉलचं दार जुनं, फुगलेलं. मूठ वर उचलून ढकलल्याशिवाय ते उघडत नसे. पालक एकामागून एक त्याच्याशी झटापट करून आत आले. मग कौन्सिलच्या अधिकारी मिसेस ऑलिव्हर आल्या. त्यांनी मूठ उचलली, ढकललं, आणि एका दमात आत. डॉक्टरांनी नजर फाइलमध्ये घातली.

"कोणाचे हितसंबंध असतील तर सांगावेत," अध्यक्ष ऑलकॉटनी रिवाजाप्रमाणे विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "लेखी नोंदवलेले आहेत तेच. सगळ्यांना ठाऊक आहेत. पुढे जाऊ."

एवढ्यात अर्चना धापा टाकत डॉक्टरांच्या शेजारी येऊन बसली. ती आणि तिचा नवरा मिलिंद पुण्याहून इथल्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन दोनच महिने झाले होते.

"सॉरी काका, ट्रेन लेट. ती कौन्सिलची का? काय कडक दिसते हो!"

"कडक आहेच. पण चुकीचा आकडा तिच्या तोंडून यायचा नाही."

"तुम्ही तिची बाजू घेताय की आपली?"

"गप्प बस आणि ऐक."

मिसेस ऑलिव्हर पंधरा मिनिटं बोलल्या. एकही शब्द वाया नाही, एकदाही कागद खाली-वर नाही. मध्येच डॉक्टरांना खोकल्याची उबळ आली. बाईंनी बोलणं न थांबवता टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

पाणी पिऊन डॉक्टर उभे राहिले.

"मॅडम, ही शाळा तुम्ही आतून पाहिलीय का?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"पाहिलीय," बाई म्हणाल्या. "पुष्कळदा."

"मग तुमचा अंदाज मुलं कुठून मोजतो तेही सांगा."

"या भागात नोंदलेल्या जन्मांवरून. चार वर्षांनी तीच मुलं शाळेत येतात."

"बरोबर. ते जन्म मी तीस वर्षं पाहिले." डॉक्टरांनी फाइल उघडली. "पण जुन्या छापखान्याच्या जागी एकशे चाळीस फ्लॅट झालेत. तिथे राहायला येणारी कुटुंबं पुण्याची, नागपूरची, हैदराबादची. ही मुलं तुमच्या जन्मनोंदीत कशी सापडणार? ती विमानानं येतात. मी एकोणीस दारं वाजवली. शाळेच्या वयाची सव्वीस मुलं आहेत, आणि अर्धे फ्लॅट अजून रिकामे आहेत."

अर्चनानं हात वर केला. "त्यातली एक माझी. स्वराली. तिला दीड मैलावरच्या शाळेत मी कशी सोडू? सात पन्नासची ट्रेन असते माझी."

मिसेस ऑलिव्हरनी यादी मागून घेतली. ओळीओळीवर पेन्सिल टेकवत वाचली. सगळे त्यांच्या पेन्सिलकडे बघत होते.

"सत्तावीस," त्या म्हणाल्या. "सातव्या घरातली जुळी तुम्ही एकदाच मोजलीत, डॉक्टर."

हॉल हसला. डॉक्टरांचे कान लाल झाले.

"अंदाज चुकीच्या पायावर आहे," बाई पुढे म्हणाल्या. "तो मीच केला होता. तो नव्यानं होईपर्यंत हा प्रस्ताव पुढे नेऊ नये, असं मी लिहीन. माझ्या मते शाळेला किमान एक वर्ष मिळायला हवं."

टाळ्या थांबेनात. हेडबाईंनी डोळे पुसले. डॉक्टर मात्र चष्मा शोधत बसले होते. तो त्यांच्या कपाळावर होता.

बाहेर उन्हं कलली होती. फाटकाशी मिलिंदची वाट बघत अर्चना म्हणाली, "काय झापलंत हो तिला, काका! पण बाई मनात ठेवणारी वाटते. सांभाळून राहा."

"सहा आठवडे सांभाळूनच राहिलोय. एक शब्द बोललो नाही तिच्याशी."

एक लाल गाडी येऊन नेमकी त्यांच्यापुढे थांबली. आत मिसेस ऑलिव्हर.

"काका, तीच आहे!" अर्चना कुजबुजली आणि एक पाऊल मागे सरली.

काच खाली आली.

"बाबा, गोळी घेतली का? बसा ना लवकर, आईचा फोन आला होता."