रत्नाकाकूंचा हातगुण

फोन पुन्हा वाजला तेव्हा रत्नाकाकूंनी तो उपडा ठेवला आणि वर रुमाल टाकला.

"काकू, सौमित्रदादाच असेल. घ्या ना," अंतरा म्हणाली.

"वाजू दे. काम असलं की बरोबर आई आठवते त्याला. वर्षभर मेरीलँडहून इथवर गाडी हाकायला सवड नाही, आणि आता सारखी टुणटुण." काकूंनी निऱ्या चापून बसवल्या.

अंतराचा नवरा ओजस किल्ली घेऊन दारात उभा होता. त्याला कोर्टात थांबता येणार नव्हतं. ऑफिसात पुन्हा माणसं कमी करत होते. नोकरी गेली की व्हिसाही जाणार. म्हणून तर शेजारच्या काकूंना बरोबर चला म्हटलं होतं. अंतराला नववा लागत आला होता, एकटीला कसं पाठवणार?

मोठ्या माणसांच्या सहीला वेळ लागत नाही. राष्ट्राध्यक्षांनी एक सही केली होती: आईबाप व्हिसावर असतील, तर मूल इथे जन्मलं तरी इथलं नाही. त्या सहीविरुद्ध ज्या बायका कोर्टात गेल्या, त्यांत अंतरा होती. नाव मात्र खोटं लावलं होतं. बाहेर बघ्यांसारख्या बसा, तुम्ही कोण ते कोणाला कळू देऊ नका, असं वकिलाने बजावलं होतं. आज न्यायाधीशांनी हुकूम थांबवला तर बाळ अमेरिकेचं. नाहीतर ते जन्माला येतानाच परकं.

निघताना अंतरा काकूंच्या पाया पडायला वाकू लागली. वेस्ट विंडसरमधल्या मराठी घरांत तसा रिवाजच पडला होता. कोणाचा इंटरव्ह्यू असो, व्हिसाचा शिक्का असो, आधी रत्नाकाकूंच्या पाया पडायचं. त्यांचा आशीर्वाद घेऊन गेलेलं माणूस अजून हात हलवत परत आलं नव्हतं. काकूंना हे ठाऊक होतं, आणि त्याचा तोराही होता.

त्यांनी तिला दंडाला धरून थांबवलं. "एवढं पोट घेऊन वाकतेस? सरळ उभी राहा."

"मग नुसता डोक्यावर हात ठेवा."

"वाकल्याशिवाय माझा आशीर्वाद लागत नाही, बाई. बाळाला घेऊन ये, मग दोघांना मिळून देईन."

"पण काकू, जिंकायचं आज आहे यार," ओजस म्हणाला.

"यार कोणाला म्हणतोस? गाडी काढ."

गाडीत अंतराचं लक्ष काकूंच्या साडीकडे गेलं. "नारायणपेठ? कोर्टात?"

"मग काय गाऊन घालून येऊ? आपण भीक मागायला नाही चाललो."

काकूंनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सौमित्र झाला तेव्हा ह्यांचा नुसता विद्यार्थ्याचा व्हिसा होता. ॲन आर्बरला. बाहेर गुडघाभर बर्फ, मला इंग्रजीचा गंध नाही. नर्सने पोर हातात दिलं आणि म्हणाली, अमेरिकन. तेवढा एक शब्द मला कळला. ह्याचा बाप इथे किती दिवस राहणार, असं कोणी विचारलं नाही."

अंतराने त्यांचा हात हातात घेतला.

कोर्टात वरच्या मजल्यावर देवांग वाट बघत होता. अंतराचा वकील, वयाने लहान, पण तोंडाने तयार.

"एक गुड न्यूज आहे," तो हळूच म्हणाला. "सरकारच्या बाजूचे दोन वकील केस सोडून गेले. न्याय खात्यातले जुने लोक. पूर्वी हे खातं व्हाइट हाउसलासुद्धा कायदा दाखवायचं. आता वरून येईल ते कोर्टात बोला, नाहीतर घरी जा. ते घरी गेले."

"त्यांना पोरंबाळं असतील," काकू म्हणाल्या.

"असतीलच."

"घराचे हप्ते?"

"ते कोणाला चुकलेत, काकू?"

"तरी सोडलं."

"तरी सोडलं. आज तिसराच कोणी उभा राहतोय."

"तो का नाही सोडत?"

देवांगने खांदे उडवले. "पुढचे दोघं गेले की मागच्याला खुर्ची मिळते. पण ब्रिलियंट आहे म्हणतात. खरं सांगू का, मला त्याचंच टेन्शन आहे."

"हुशारच असणार," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. पदर पुन्हा सारखा केला.

अंतरा त्यांना खेटून बसली. "काकू, जिंकू ना आपण?"

"पाणी पी आधी."

लिफ्ट उघडली. काळ्या सुटातली माणसं खोकी ढकलत बाहेर आली.

"तेच, सरकारचे लोक. त्यांच्याकडे बघू नका," देवांग पुटपुटला आणि आत गेला.

अंतराने मान खाली घातली. काकूंचा हात घट्ट धरला. फरशीवर बुटांचे आवाज जवळ आले, आणि सगळ्यांत पुढचे बूट थांबले. त्यांच्याच बाकाकडे वळले. तिने ओढणी पोटावर ओढून घेतली. आपल्याला ओळखलं, एवढंच तिच्या मनात आलं.

त्या माणसाने हातातली फाइल अंतराच्या शेजारी बाकावर ठेवली. मग भर कॉरिडॉरमध्ये, सगळ्या साहेबांसमोर, तो खाली वाकला आणि त्याने काकूंच्या पायांना हात लावला.

"फोन उचलत नव्हतीस, तर वाटलं रागावलीस," तो म्हणाला. "आणि तू तर स्वतःच आलीस, आई."

तो वाकलेलाच राहिला. तसाच मान वळवून अंतराकडे बघून हसला. "आईबरोबर आलात, थँक्यू हं."

रत्नाकाकूंनी अंतराच्या मुठीतून आपला हात सोडवला. तो त्याच्या डोक्यावर ठेवला.

"यशस्वी हो," त्या म्हणाल्या.