पहिल्या नंबरचं गाणं

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक गल्ली मनात आणा. दुबईतलं देरा, साल एकोणीसशे एकोणसत्तर, डिसेंबर संपत आलेला. काचेचे मनोरे अजून उभे राहायचे आहेत. खजुरीच्या झावळ्यांची घरं आहेत, इतकी लागून की एका घरात शिंक आली तर शेजारच्या घरातून दुआ यावी. माणसं सगळी आपल्या कोकणातली. सूर्य बुडून मगरिबची नमाज झाली आहे. साऱ्या गल्लीतल्या रेडिओंवर एकच कार्यक्रम लागला आहे. सरत्या दहा वर्षांतली लोकांची सर्वांत आवडती गाणी, खालच्या नंबरापासून वर.

दिसली गल्ली? आता त्यातल्या शेवटच्या घरात या. चटईवर नऊ वर्षांची अजरा रेडिओला कान लावून बसली आहे. पडद्याआड तिची आई, मरियमबी, तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे.

"कितवं चाललंय गं?"

"पाचवं. अम्मा, मामूला उशीर झाला तर पहिलं गाणं चुकेल त्याचं."

"त्याचं काय चुकतंय! जेवायच्या वेळेला बरोबर हजर होतो तो."

मामू म्हणजे खैरुद्दीन, मरियमबीचा धाकटा भाऊ. गावाहून लाँचने निघाला होता. अजरा गावी गेली होती तेव्हाच तिची आणि त्याची पैज लागली होती. मामूच्या आवडत्या गाण्याची सुरुवात शिळेने व्हायची. पुढचा दात पडल्यामुळे त्याच्या तोंडून शीळ कमी आणि वाराच जास्त यायचा, तरी तो ती दिवसभर वाजवायचा. तेच गाणं पहिलं येणार, असं तो म्हणायचा. अजराचं गाणं वेगळं होतं. हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या चपला उचलायच्या.

"अम्मा, लाँचवाले माणसांना पाण्यातच उतरवतात ना?"

भाकरीवरची थाप थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"कागद नसले की उतरवतात. खोर फक्कानच्या बाजूला, किनारा दिसला की. मग काय झालं? खैरू जयगडच्या खाडीत वाढलाय. चालायच्या आधी पोहायला शिकला. तुझे अब्बा कालच जीप घेऊन गेलेत ना आणायला? येतील दोघं, इन्शाल्ला. आवाज कर जरा मोठा."

अजराने आवाज वाढवला. चौथं गाणं संपून तिसरं लागलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जहूरच्या चहाच्या दुकानातला रेडिओ बंद पडला.

सेल उतरले असतील, अजराला वाटलं.

दुसरं गाणं लागलं. ते अजराचं होतं. म्हणजे पैज ती हरली होती. तिने तोंड वाकडं केलं, आणि तेवढ्यात गल्लीच्या मधल्या खोलीतला रेडिओ थांबला. तिथे इद्रीस आणि त्याचे सोबती राहायचे. सगळे एकटे. ते झोपतानाही रेडिओ बंद करायचे नाहीत.

तुम्हाला एक रीत सांगायला हवी. त्या गल्लीत कुणाकडे मयत झाली की सगळे रेडिओ बंद व्हायचे, तीन दिवस. रमजानच्या आधी म्हातारे हमदुल्ला गेले, तेव्हा अजराने शेजारच्या हव्वाबीला विचारलं होतं, "खाला, तुझ्या घरात तर कुणी मेलं नाही. तू का बंद केलास?" हव्वाबी म्हणाली होती, "झावळ्यांची भिंत आहे, पोरी. माझं गाणं त्यांच्या रडण्यात जाऊन पडेल."

अजराने हव्वाबीच्या भिंतीकडे पाहिलं. तिकडे गाणं चालू होतं. अजरा त्या आवाजाला धरून बसली.

बाहेर वाळूवर पावलं वाजली. एकाच माणसाची. भिंतीपलीकडे हव्वाबी कुणाला तरी हलकेच म्हणाली, "या अल्लाह." आणि तिकडच्या गाण्याची ओळ अर्धीच राहिली.

आता साऱ्या गल्लीत फक्त यांचाच रेडिओ वाजत होता.

दाराशी अब्बा उभे होते. कमरुद्दीन. पायजमा गुडघ्यापर्यंत वाळूने भरलेला. हातात चपलांचा जोड होता. टायरच्या तळव्यांच्या चपला, सुतळीने एकमेकींना बांधलेल्या. पोहताना हरवू नयेत म्हणून कुणीतरी त्या कमरेला बांधल्या असणार. मीठ वाळून त्या पांढऱ्या पडल्या होत्या.

अब्बांनी रेडिओकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"और अब," रेडिओतला माणूस म्हणाला, "पहला नंबर."

शीळ वाजली. स्वच्छ, लांब शीळ.

पडद्याआडून मरियमबी हसली. "मामूचंच ना गं? मला ठाऊक होतं! आता महिनाभर मिरवेल बघ मेला. अजरा, चार भाकऱ्या जास्त टाकते. उपाशी येईल तो."

अब्बांनी रेडिओकडे हात नेला. अजराने मान हलवली. नाही. त्यांचा हात तिथेच थांबला.

मुखडा झाला. पहिलं कडवं झालं. पडद्याआड भाकरी थापण्याचा आवाज गाण्याच्या ठेक्यावर पडत होता. अब्बा दारातच उभे होते, एक पाय आत, एक बाहेर.

दुसऱ्या कडव्याआधी शीळ पुन्हा आली. ती संपेपर्यंत अजरा थांबली. मग तिने स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला.

थाप थांबली.

"अजरा? बंद का केलास गं?"

अजरा उठली. अब्बांच्या हातातून तिने मामूच्या चपला उचलल्या आणि छातीशी धरल्या.