दगडी भिंतींमधला रस्ता

आयर्लंडहून परतल्यावर गोपीनाथने शारजाच्या घरी मित्रांना जेवायला बोलावलं आणि अल्बम उघडला. पडके किल्ले, गुलाबांच्या बागा, हिरव्यागार टेकड्या पाहून झाल्या. पुढच्या फोटोत मात्र दगडी भिंतींमधला अरुंद रस्ता आणि ट्रॅक्टर होता. “ही कुठली हिस्टॉरिक साइट?” यतीन हसला. गोपीनाथची बायको कुमुद पुऱ्या वाढताना थबकली. लायसन्स मिळण्याआधी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ती पुन्हापुन्हा नापास झाल्याचे किस्से नवऱ्याने याच मंडळींना रंगवून सांगितले होते. “माझी पाठ धरली, म्हणून ही चालवत होती. समोरून ट्रॅक्टर आला. वाटलं, खलास! हिने वळणावळणाच्या रस्त्यावरून गाडी पार मागच्या किल्ल्यापर्यंत रिव्हर्समध्ये नेली. एक ओरखडा नाही!” गोपीनाथने फोटो सगळ्यांसमोर धरला. “मला जन्मात जमलं नसतं.” “आणि ट्रॅक्टरवाला काय म्हणाला, ते मी सांगते,” म्हणत कुमुद वाढणं सोडून खुर्ची ओढून ऐटीत बसली.