न बुडणारी होडी

“ठोकून बघा ना वहिनी,” होड्या विकणारा रविराज म्हणाला. “फुटत नाही.”

हर्षालीनं अॅल्युमिनियमच्या होडीवर बोटं वाजवली. काळेवाडीतली ती अख्खी शेड घुमली. कडेवरची चार वर्षांची स्वरूपा खुदकन हसली आणि तिनंही दोन चापट्या ठेवून दिल्या.

“ऐकलंस?” रोहिदास बायकोला म्हणाला. “सहा दिवस कंपनीत पत्रा ऐकायचा आणि सुट्टीला पाण्यावर पण पत्राच. मासे पळून चाकणच्या चौकात जाऊन उभे राहतील.”

“हिच्यावर पोर चढली तर घरात कळेल तरी,” हर्षाली हळूच म्हणाली.

रविराजचं हे रोजचंच काम होतं. तो शेजारच्या निळ्या होडीकडे वळला आणि तिच्यावर मूठ आपटली. धप् असा आवाज झाला आणि तिथंच विरला.

“ही फायबरची. दोन्ही टोकांना आत फोम भरलाय. काठोकाठ पाणी भरलं तरी तरंगते.”

“बुडत नाही म्हणजे, अजिबातच नाही?”

“तुम्ही बुडवून दाखवा वहिनी, दुसरी फुकट देतो.”

“आणि उलटली तर?”

“तर धरून राहायचं. भाऊंची तर तशीही तरंगायची सोय आहे,” रविराजनं रोहिदासच्या पोटाकडे बघितलं. दोघे पुरुष हसले.

हर्षाली हसली नाही. मागच्या वर्षी रोहिदास ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरायला गेला होता. धरणाच्या फुगवट्यात ट्यूब उलटली. भाऊबंदांनी त्याला केसांना धरून काठावर ओढलं. घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर; तेव्हापासून हर्षाली भांडीसुद्धा पाण्याकडे तोंड करूनच घासायची. पाण्याकडे पाठ करायची तिला हिंमत होत नसे. आणि आता तर स्वरूपानं बापाच्या मागे धोशा लावला होता, मला होडीत कधी नेणार? रोहिदास दर वेळी म्हणायचा, उद्या. हर्षालीला त्या उद्याची धास्ती होती. नवरा निदान पोहणारा होता.

“फायबरचीच घ्या,” ती म्हणाली.

टेम्पोतून होडी घरी आली. सासूबाईंनी, गवराबाईंनी, तिला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. रोहिदास ती पाण्याकडे ओढणार, तोच हर्षाली आडवी आली.

“अहो, माझे मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. उद्यापन होऊ दे. मग काय ते पाण्याला लावा.”

“बरं. तोवर काठाला बांधून ठेवतो.”

“काठाला नको. पोर जाऊन बसेल आत. दोरी सुटली, होडी वाहत गेली, तर?”

“धरणाचं पाणी कुठं वाहतं का?”

“माझ्यासाठी करा एवढं.”

तिच्या आवाजात असं काही होतं की रोहिदासनं पुढं वाद घातला नाही. शेजारच्या माणसांना बोलावून त्यानं होडी घरामागं नेली. उसाच्या कडेला बांधावर तिची एक बाजू टेकवली, दुसरीकडे दगड लावले आणि पालथी घातली. पालथ्या होडीत पोर बसणार कशी? हर्षालीला बरं वाटलं.

“सूनबाई, व्हडी हाय का म्हैस?” गवराबाई म्हणाल्या. “पाण्यापासनं येवढी लांब नेऊन बांधली ती!”

“असू दे आत्या. चारच दिवस.”

“पोरीच्या मनात भ्या घालू नगं बाई. काठावरची लेक हाय ती.”

भीती काही घालावी लागत नव्हती, ती हर्षालीच्या पोटात होतीच. रोज पूजा झाली की ती आधी मागं जाऊन बघायची, होडी पालथीच आहे ना. मग स्वरूपाला विचारायची, “पाण्याकडे गेली होतीस?”

“नाही गं. मी मागं खेळते.”

“देवाची शपथ?”

“देवाची शपथ.”

शेजारच्या रानात ऊसतोड सुरू झाली होती. टोळी पलीकडून तोडत येत होती. घरामागचा तुकडा तेवढा अजून उभा होता. कोयत्यांचा आवाज येत राहायचा आणि त्या आवाजाच्या आसपास स्वरूपा बडबडत असायची. हर्षाली हळूहळू निवांत झाली. पोर पाण्यापासून लांब होती, देवीनं ऐकलं होतं.

शेवटच्या गुरुवारी रोहिदास पहिल्या शिफ्टला गेला. गवराबाई वाडीत सवाष्णींना सांगायला गेल्या. हर्षालीनं घट मांडला, पोथी वाचली, नैवेद्याला दूध आटवायला ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं, बऱ्याच वेळात पोरीचा आवाज नाही.

“स्वरू!”

ती तशीच अनवाणी पाण्याकडे धावली. काठावर कुणी नव्हतं. पाणी गुळगुळीत, काहीच न झाल्यासारखं. ती गुडघाभर आत शिरली. “स्वरू! अगं स्वरू!” घसा फाटेपर्यंत ओरडली. पायाखालचा चिखल सरकत होता आणि पाण्यात हात घालायचं धाडस होत नव्हतं.

“आई, मी इथंय!”

आवाज घरामागून आला. ती ठेचकाळत वर आली. होडीखालून दोन इवली पावलं बाहेर दिसत होती. हर्षाली तिथंच मटकन मातीत बसली आणि तिनं हात जोडले.

“राखलीस गं माय.”

“आई, दूध दे ना. माऊनं पिल्लं घातलीत. तीन आहेत.”

“देते गं. आधी बाहेर ये.”

“आधी बघ तर!”

होडीखालून स्वरूपाचा हात बाहेर आला. ओंजळीत एक पिल्लू होतं, डोळे मिटलेलं, राखी अंगावर पुसट ठिपके. हर्षालीला रडता रडता हसू आलं. तिनं ते हातात घेतलं. मांजराच्या मानानं त्याचे पंजे फारच जाड होते.

ऊसतोडीचा आवाज आज नव्हता. तरी ऊस हलत होता.

“आई,” होडीखालून स्वरूपा आनंदानं कुजबुजली, “पलीकडून ह्यांची आई आत आली.”