चढावरचा बिघाड

बाबाजींची जीप परत गॅरेजात आली होती. गागोद्याच्या चढावर फोर-व्हीलचं बटण दाबलं की नुसता दिवा लुकलुकायचा आणि पुढची चाकं काही ओढायची नाहीत. रोह्याला आमच्या गॅरेजात आणली की मात्र सगळं सुरळीत. मी डबा घेऊन गेले तेव्हा माझा नवरा, मन्सूर, स्कॅनर लावून बसला होता. त्यातही काही दिसेना.

“दरवेळी मीच खोटा पडतो,” बाबाजी कावले.

“स्कॅनरचं सोडा. त्रास चढावर होतो ना, मग सपाटीवर दिसेल कसा?” मन्सूर म्हणाला आणि हातातली कामं टाकून त्यांच्यासोबत गागोद्याला गेला.

संध्याकाळी बाजाराची पिशवी घेऊन मी वरसेतल्या आमच्या बिल्डिंगचे तीन जिने चढले. नेहमीसारखीच छाती आवळून आली. दारातच बसले. मन्सूर आत खुशीत होता. चढावर गाडी तिरकी झाली, तशी पुढची चाकं जोडणाऱ्या मोटरची वायर ताणली गेली म्हणे. वरून धड, आतून तुटलेली.

“सोबत गेलो म्हणून गावली,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून वैतागला. “तुझं परत चालू? ईसीजी काढला, रिपोर्ट नॉर्मल हाय. तुला काय नाय झालेलं.”

मी दम जरा खाली बसू दिला. मग म्हटलं,


“ईसीजी मला आडवं झोपवून काढलेला. जिन्यात माझ्यासोबत कोण आलेलं?”